फुग्यातली थंडी

नरडाण्याजवळच्या आमच्या गावात अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात शेकोटीचा पहिला मान टीव्हीचा होता. ग्रामपंचायतीला मिळालेला सरकारी संच, पण थंडी पडली की मुका. मग सरपंच देवचंद आबा त्याला घोंगडी पांघरायचे, शेकोटीजवळ सरकवायचे. अर्ध्या तासानं स्वारी बोलायची, तोवर कार्यक्रम संपलेला.

रेडिओ दुरुस्त करणारा हनीफ मला म्हणायचा, "नाना, टीव्हीना मझार एखादा पार्ट शे, थंडी लागनी का झोपी जास."

पण मागच्या झाकणाला सरकारी सील. तपासणीला येणाऱ्या सरकारी साहेबांच्या सहीशिवाय पार्ट बदलला की गुन्हा.

साहेब यायचे दुपारी, भरीत-भाकरी हाणायचे, मग तपासणी. उन्हानं तापलेल्या खोलीत संच झकास चालायचा. त्या वेळी कार्यक्रम नसायचा, पण पडद्यावर मुंग्या दिसल्या की साहेबांना पुरे. दोनदा लिहून गेले, 'तक्रार खोटी.' तिसऱ्यांदा खोटी ठरली तर संच जप्त. आणि 'बंद' लिहिलं तर संच धुळ्याच्या गोडाऊनला. तिथून परत आलेला कुणी पाहिला नव्हता. फॉर्मात चौकटी दोनच, चालू आणि बंद. कुठलीही भरा, आमचा टीव्ही गेलाच!

मी म्हटलं, साहेब थंडीत येत नाहीत ना, मग थंडीच दुपारी आणू. एस.टी.च्या टपावरून भुश्यातला बर्फ आणला. हनीफनं फुग्यात बर्फाचे खडे भरले, फुगा बांबूच्या कामटीच्या टोकाला बांधला.

साहेबांनी सील तोडलं, झाकण काढलं. मुंग्या हजर. "चालू आहे की!" त्यांनी पेन काढलं.

हनीफ संचामागे. शॉक बसू नये म्हणून एक हात खिशात, दुसऱ्यात कामटी. एकेका पार्टाला फुगा टेकवत गेला. एका पिवळ्या डबीला टेकवला आणि मुंग्या गायब!

"बंद पडना!" आबा ओरडले.

साहेबांनी 'चालू' खोडून 'बंद' लिहायला घेतलं. मी खोकलो. हनीफनं खूण ओळखली, फुगा काढून डबीवर गरम फुंकर मारली.

"साहेब, चालू शे!" पुन्हा आबा.

फॉर्म फाडला, दुसरा घेतला. मी खोकलो. पुन्हा फुगा, पुन्हा बंद, तोही फाटला. उरला एक.

"काय प्रकार आहे हा?"

"थंडी, साहेब."

"भरदुपारी?"

मी हनीफच्या हातून कामटी घेतली अन् फुगा साहेबांच्या मानेवर टेकवला. साहेब खुर्चीतून हातभर उडाले.

"बघा, तुमचं हे झालं. तो तर बिचारा पार्ट."

"अरे, पण लिहू काय मी?"

"लिहा, पार्ट बदलायला परवानगी."

शेवटचा फॉर्म! साहेबांनी मान चोळत लिहिलं, सही ठोकली.

हनीफनं नवी डबी बसवली, तिलाही फुगा लावला. मुंग्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कडाक्याच्या गारठ्यात संच पहिल्या झटक्यात बोलला. शेकोटीपुढं माणसांना जागा झाली.

मी घोंगडी काढायला गेलो, तर आबांनी हात धरला.

"राहू दे नाना. सवय शे त्याले."