जाईबाईंची तारीख

"मावशी, जन्मतारीख सांगा."

टाइम ऑफिसातल्या संगणकावर बसलेल्या पूजानं असं विचारल्यावर शालूबाई पदरानं तोंडावरचे कापसाचे तंतू पुसत हसली. "अगं, इचारतीस काय? एक जून टाक. निम्मी गिरणी एकाच दिवशी जल्मलीय."

पूजानं साल विचारून घेतलं आणि एक जून टाकला. यंत्राजवळच्या टेलिफोनच्या डबीत थोडा वेळ किरकिर झाली आणि काचेवर शालूबाईचं नाव आलं. नावाखाली फंडात जमलेली रक्कम. रांगेतल्या बाया एकदम पुढं वाकल्या.

"आत्ताच्या आत्ता? हितं उभं राहून?" शालूबाईला खरं वाटेना.

खरं न वाटण्यासारखंच होतं ते. कडेगावच्या अलीकडं असलेल्या या सूतगिरणीत आजवर फंडाचा आकडा बघायचा म्हणजे एक दिवसाची हजेरी बुडवायची, एसटीनं सांगली गाठायची, मुख्य कचेरीतल्या बाकड्यावर दुपारपर्यंत बसायचं आणि साहेब रजेवर आहेत असं ऐकून परत फिरायचं. सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर गिरणीच्या टाइम ऑफिसात संगणक आला आणि टेलिफोनच्या तारेनं सांगलीच्या कचेरीला जोडला गेला. खात्याचा नंबर आणि जन्मतारीख सांगितली की काम झालं. एकच अट होती. तारीख तीनदा चुकली की खातं बंद. मग प्रतिज्ञापत्र करून सांगलीच्या वाऱ्या सुरू.

शालूबाईच्या मागं जाईबाई उभ्या होत्या. एकतीस वर्षं रिळांच्या खात्यात काढलेली बाई. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांनी नुसता नंबर सांगितला.

"आन् तारीख?" पूजानं विचारलं.

खुर्चीतून हिंदुरावआण्णा बोलले, "एक जून चाळीस. मीच लिवलीय सगळ्यांची." हिंदुराव गिरणीचे जुने टाइमकीपर. ज्यांच्या घरी जन्माची नोंद नसे, त्यांना शाळेतले मास्तर आणि कचेरीतले कारकून जूनची पहिली तारीख देऊन मोकळे होत. हिंदुरावांनीही तेच केलं होतं.

पूजानं बटणं दाबली. काचेवर अक्षरं आली: तारीख जुळत नाही.

"असं कसं हुईल? एक जानेवारी टाकून बघ गं." हिंदुरावांनी फर्मावलं.

तीही जुळली नाही.

"आता एकदाच टाकता येईल, मावशी," पूजा हळूच म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गं जाई," शालूबाई म्हणाली. "सांगलीला जाऊ दोघी. येताना भडंग आणू."

जाईबाईंना भीती खातं बंद होण्याची नव्हती. त्यांना सहासष्ट सालातली सकाळ आठवत होती. याच टेबलासमोर त्या उभ्या होत्या, वय सव्वीस, अक्षरओळख नाही. तरणे हिंदुराव म्हणाले होते, "एक जून लिवतो." जाईबाई म्हणाल्या होत्या, "न्हाई. चौदा ऑक्टोबर लिवा."

त्यांचा जन्म कुठल्या तारखेचा, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पण त्या सोळा वर्षांच्या असताना वडील नागपूरला गेले होते. छप्पन साली, चौदा ऑक्टोबरला, लाखो लोकांबरोबर त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आल्यावर पोरांना ओळीनं बसवून ते म्हणाले होते, "आजपातुर आपली गणती कुणी केली न्हाई. आता कुणी इचारलं कवा जल्मला, तर हीच तारीख सांगायची."

हिंदुराव तेव्हा हसले होते. वर न बघता त्यांनी काहीतरी लिहिलं होतं. काय लिहिलं, हे जाईबाईंना वाचता आलं नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर साक्षरता वर्गात बसून त्या वाचायला शिकल्या, पण ते नोंदीचं बुक तोवर सांगलीच्या कपाटात गेलं होतं. एकतीस वर्षं एकच गोष्ट मनात राहिली होती. आपला शब्द लिहिला गेला, की हसण्यावारी गेला? संगणकात त्याच बुकातल्या तारखा भरल्या होत्या; आज विचारलं, तर उत्तर मिळणार होतं. नाही असंही मिळालं असतं.

त्यांनी पदर खोचला.

"पोरी, लिव. चौदा. धा. एकोणीसशे चाळीस."

"आवं जाईबाई, ही कसली तारीख?" हिंदुराव खुर्चीतून उठले. "शेवटची संधी हाय. वाया जाईल."

"जाऊ दे की. माजीच हाय."

पूजानं एकेक आकडा जपून टाकला. डबीत किरकिर झाली. या वेळी ती फार वेळ चालली, असं सगळ्यांनाच वाटलं. मग काचेवर नाव आलं, जाई. त्यापुढं वडलांचं नाव. खालच्या ओळीत तारीख.

जाईबाईंनी काचेवर बसलेला कापूस पदराच्या टोकानं पुसला आणि शाळेतल्या पोरीसारखं ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. चौदा. दहा. एकोणीसशे चाळीस.

हिंदुरावांनी चष्मा वर केला, खाली केला. "मी लिवलं व्हय हे?"

"तुमीच. मी टेबलापासनं हलतच न्हवते, मग काय करताय."

हिंदुरावांनी काचेवरची तारीख पुन्हा एकदा वाचली. "बरं झालं लिवलं," ते म्हणाले आणि जाईबाईंसाठी स्वतःची खुर्ची पुढं सरकवली. जाईबाई बसल्या नाहीत, पण खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मावशी, रक्कम बघा की. शालूमावशींपेक्षा जास्त हाय," पूजा म्हणाली.

"हां, बघितली."

दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. पूजानं कागद छापून दिला. जाईबाईंनी तो टेबलावर ठेवून नखानं घडी घातली.

"आकडा आत घालतीस व्हय?" शालूबाईनं टोमणा मारला. "मी काय उसनं मागनार न्हाई."

जाईबाई नुसत्या हसल्या. कागद त्यांनी डब्याच्या पिशवीत सरळ उभा ठेवला. रक्कम घडीच्या आत गेली होती. तारीख तेवढी वर दिसत होती.