अकरा पॉइंट

एकशे बारा पानांत एखादं अक्षर ठरल्यापेक्षा लहान-मोठं राहिलं नाही ना, हे बघायचं काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं, तर त्यानं दुपारच्या जेवणाआधीच डोकं दुखतं म्हणून घर गाठलं असतं. फ्लॉसी मात्र सकाळपासून संगणकासमोर बसून होती. तिला कंटाळा येत नव्हता. गेल्या दहा महिन्यांत तिला कशाचाच कंटाळा आला नव्हता आणि कशाची गोडीही वाटली नव्हती. जेवायला वाढलं की ती जेवायची, हाक मारली की ओ द्यायची, एवढंच.

पापडीच्या त्या डीटीपी सेंटरमध्ये ती लग्नाच्या आधीपासून कामाला होती. माहेर भुईगावचं, सासर पाचूबंदरचं. नवरा ॲन्सेल्म गेल्या मे महिन्यात, पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्याला लागायच्या आधीच्या शेवटच्या फेरीला गेला. वाऱ्यानं बोट उलटली. बरोबरचे तिघे सापडले, तो सापडला नाही. प्रेतच नाही म्हटल्यावर सरकारी कागदाला सात वर्षं थांबावं लागेल, असं वकिलानं सांगितलं. सासू रोझलीन सात वर्षांचंही ऐकून घेईना. "पान्यानं नेलाय, पानीच आनून देल," असं ती पहिल्या आठवड्यात बोलली आणि तिथंच विषय मिटला. चर्चमध्ये त्याच्या नावाच्या प्रार्थनेचा मिस्सा नाही, घरात काळा कपडा नाही. दर शनिवारी रोझलीन त्याचे धुतलेलेच शर्ट पुन्हा धुवायची आणि फ्लॉसी त्यांना इस्त्री करायची. त्यावर दोघी एक शब्द बोलायच्या नाहीत.

तो गेला हे फ्लॉसीला केव्हाच कळलं होतं. तिला त्याच्या नावानं एक मिस्सा हवा होता. देवळात बसून एकदा पोटभर रडायचं होतं. पण हे म्हातारीला कोणत्या तोंडानं सांगणार? मुलगा येणार या आशेवर जी बाई दोन घास खाते, तिच्या तोंडचा तो घास काढायचा तरी कसा?

त्यात हे स्मरणिकेचं काम आलं. चर्चच्या धर्मग्रामाला पन्नास वर्षं होत होती. पुस्तकात पुढे सगळी कुटुंबं घ्यायची: कुटुंबप्रमुख बारा पॉइंटाच्या अक्षरात ठळक, बाकीची माणसं अकरात. शेवटच्या पानांवर पन्नास वर्षांत देवाघरी गेलेल्यांची यादी, सगळी अकरात. फ्लॉसीनं आपल्या घराची नोंद जुन्यासारखीच ठेवली, प्रमुख ॲन्सेल्म. शेवटच्या पानांकडे ती फिरकलीच नाही. ती पानं शेजारच्या मशीनवरच्या प्रीतलनं टाइप केली.

संपादक होते प्लासिड सर, निवृत्त मास्तर. खिशात पारदर्शक पट्टी घेऊन फिरणारा माणूस. मागच्या स्मरणिकेत एका घरच्या आजोबांचं नाव चुकून मोठं छापलं गेलं, तर शेजारच्या घरानं त्यांच्याकडच्या लग्नांना जायचं बंद केलं. तेव्हापासून सरांनी अक्षरांच्या मापाचा धसकाच घेतला होता.

"फ्लॉसी, पट्टीनं मापलं तरी फरक निघता कामा नये हं," ते जाताना बजावून गेले.

पट्टीची गरज नव्हती. मजकूर निवडला की वरच्या चौकोनात साइझचा आकडा दिसतो. निवडलेल्यात एक जरी अक्षर वेगळ्या मापाचं असेल, तर तो चौकोन रिकामा राहतो. मग निम्मा भाग निवडायचा, त्याच्या निम्मा, असं करत चोर पकडायचा. पुष्कळदा चोर म्हणजे दोन परिच्छेदांमधली नुसती कोरी ओळ निघते. कोऱ्या ओळीलाही माप असतं, हे सरांना पटवता पटवता फ्लॉसीच्या नाकीनऊ आले होते.

दुपारी तिनं शेवटची पानं निवडली. चौकोन रिकामा. पहिलं पान निवडलं, अकरा. दुसरं, अकरा. तिसऱ्याला पुन्हा रिकामा. वरची अर्धी यादी ठीक होती. खालची निवडली, तिच्यातली निम्मी, मग चार ओळी. शेवटी एक ओळ उरली आणि चौकोनात बारा आले.

ती ओळ ॲन्सेल्मची होती.

फ्लॉसीनं नाव वाचलं, आडनाव वाचलं, पुन्हा नाव वाचलं. पुढच्या पानांतून उचलून कुणीतरी ते इथे आणलं होतं. ठळकपणा काढला होता, माप तेवढं राहून गेलं होतं.

"प्रीतल, हे कुणी घातलं?"

प्रीतलचे हात कीबोर्डवरच थांबले. "ताई, सॉरी. शनिवारी तुमच्या सासूबाई आलेल्या. तुम्ही बँकेत गेलेलात ना, तेव्हा."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, माझ्या पोराचं नाव गेलेल्यांत घाल. फ्लॉसीला आता सांगू नको, ती आस लावून बसलीय. छापून आल्यावर मी तिला जवळ घेऊन सांगेन." प्रीतलला रडू फुटलं. "मला कळेना काय करू."

फ्लॉसीला राग यायला हवा होता. हसूही यायला हरकत नव्हती. दोन बाया एकाच छपराखाली एकमेकींसाठी दहा महिने शर्ट धूत, इस्त्री करत बसल्या, यावर कुणालाही हसू आलं असतं. तिला काहीच झालं नाही. तिनं चौकोनातले बारा खोडून अकरा केले. पुढे जाऊन कुटुंबप्रमुख म्हणून रोझलीनचं नाव घातलं, त्याखाली आपलं. सगळं पुन्हा तपासलं आणि फाइल सेव्ह केली.

संध्याकाळी घरी आली तेव्हा रोझलीन वाळलेले बोंबील काठीवरून उतरवत होती.

"आय, यादी झाली. प्रीतलनं मला सांगितलं."

म्हातारी बोंबील उतरवतच राहिली. "तू शर्टांना इस्त्री करीत होतीस. मंग मी कशी बोलू?"

"तू धूत होतीस, म्हणून मी करत होते."

टोपलीत बोंबील पडत राहिले. मग रोझलीननं विचारलं, "केवढं लिवलंय नाव?"

"सगळ्यांएवढं."

"एकच पोर होता माझा." तिनं बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून दाखवला. "एवढुसं तरी मोठं नाय करता येनार?"

त्याच दुपारी फ्लॉसीनं ते स्वतःच्या हातानं लहान केलं होतं.

"नाही, आय," ती म्हणाली. "तिथं सगळ्यांचं सारखंच ठेवावं लागतं."

सांगता सांगता ती तिथंच, बोंबलांच्या टोपलीशेजारी बसली आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.