वायरबाबाच्या अकरा फेऱ्या

एक्स-रेच्या दवाखान्यात त्या सकाळी एवढी गर्दी लोटली होती की आख्ख्या गावाची हाडं एकदम मोडली की काय असं वाटावं. कुणाला फोटो काढायचा नव्हता. सगळ्यांना वायरबाबा बघायचा होता. गळ्यात निळ्या केबलची माळ, डोळे अर्धे मिटलेले, आणि नव्या टायपिस्टच्या टेबलाभोवती बाबाच्या अकरा फेऱ्या चाललेल्या.

"पिंग पिंग महापिंग! रुसलेल्या फोल्डरा, माघारी ये! माउसला कुणी हात लावू नका, भस्म व्हाल!"

झालं होतं असं. पेशंटांचे सगळे जुने फोटो आतल्या कपाटातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर असायचे, एका सामायिक फोल्डरमध्ये. बाहेर चार टेबलं. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की फोल्डर आपोआप जोडला जायचा. तीन टेबलांवर जोडला जायचा, बरं का. नव्या टायपिस्टच्या टेबलावर मात्र रोज लाल फुली!

अकरावी फेरी संपली. बाबाने माउस टकटक दाबला. फुली गायब, फोटो हजर!

"चमत्कार!" कुबड्यावाला पेशंट ओरडला आणि टाळ्या वाजवायला त्याने कुबड्याच सोडल्या. पुढच्या मिनिटाला त्याचा दुसऱ्या पायाचाही फोटो काढावा लागला.

बाबाने उसासा टाकला. "किती दिवस फेऱ्या मारू? दोष या पोरीच्या हातात आहे. इथे डावखुरी, गालावर तीळ असलेली मुलगी बसवा."

"अशी कुठून आणायची हो बाबा?" हेडबाई काकुळतीने म्हणाल्या.

"योगायोग बघा, माझी भाची अगदी अशीच आहे."

नव्या टायपिस्टने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. तिची तीन महिन्यांची चाचणी शनिवारी संपणार होती. पक्कं करायचं की घरी पाठवायचं, ते डॉक्टर त्या दिवशी ठरवणार होते. आणि डॉक्टर म्हणजे असे की, "मी हाडं बघतो, बाकीचं हेडबाई बघतात."

त्याच दुपारी तिचा कॉम्प्युटर अडकून बसला. आता आली का पंचाईत! बाबा तर जेवून घोरत असणार. तिने घाबरत घाबरत रिस्टार्ट केला. फोल्डर जागच्या जागी! ना फुली, ना फेरी. तिने पुन्हा केला. पुन्हा हजर.

'अगं बाई,' ती मनाशी म्हणाली, 'हे भूत फक्त सकाळच्या पाळीला येतं वाटतं!'

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली. शिपाईकाका आले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला.

"काका, हा रोज बंद करता?"

"मग! एकदा पंखा जळला, तेव्हापासून संध्याकाळी सगळं बंद. आतल्या कपाटाची लाइन तेवढी वेगळी आहे."

खटक्यासरशी चारही कॉम्प्युटर सुरू झाले. कोपऱ्यात सगळ्या केबली जिथे जमतात ती डबीही सुरू झाली. तिचा कॉम्प्युटर कोरा करकरीत, वीस सेकंदात तयार. बाकीची तीन डबडी पाच मिनिटं कण्हत होती. डबीचा हिरवा दिवा लागला बरोबर दोन मिनिटांनी. तिने घड्याळ पाहिलं आणि गालातल्या गालात हसली.

शनिवारी गर्दी, डॉक्टर, हेडबाई, झाडून सगळे हजर. लाल फुलीही हजर. बाबाने पाय उचलला तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, आज तुम्ही दमू नका. मी नखं कापते."

दोन मिनिटं ती खरोखर नखं कापत बसली. मग फुलीवर टकटक केलं. फोल्डर उघडला.

"माझ्या कालच्या फेऱ्यांचा असर!" बाबा गरजला.

"असेल हो. मग आज ताजा असर दाखवा." तिने कोपऱ्यातल्या डबीची पिन उपटली, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला. "मारा फेऱ्या."

बाबा फिरला. अकरा झाल्या, बावीस झाल्या. तेहतिसाव्या फेरीला माळ खुर्चीत अडकली आणि बाबा खुर्चीसकट आडवा.

"पूर्वी हा आमच्याकडे केबली टाकायला यायचा!" काका एकदम ओरडले. "तरीच म्हटलं, चेहरा ओळखीचा वाटतोय!"

तिने पिन लावली. "डॉक्टर, माझा कॉम्प्युटर लवकर उठतो, ही डबी उशिरा उठते. तोवर त्याला फोल्डरची वाट सापडत नाही, म्हणून फुली. अकरा फेऱ्यांत दोन मिनिटं जातात, डबी उठते, मग कुणीही टकटक केलं तरी उघडतं. डबीची लाइन कपाटाच्या लाइनवर घ्या आणि माझ्या कॉम्प्युटरला 'नेटवर्क येईपर्यंत थांब' एवढं सांगून ठेवा. संपलं."

डॉक्टरांनी तिथेच, उभ्या उभ्या, तिला पक्कं केल्याचा कागद लिहिला. सही तेवढी कुणालाच वाचता आली नाही.

"पण तरीसुद्धा," हेडबाई कुजबुजल्या, "एखादी फेरी मारलेली बरी, नाही का?"

"जरूर मारा, हेडबाई. पाय मोकळे होतील."

यंत्र अडलं, माणूस अडला, काहीही अडलं, तर कुणाच्या हाताला दोष देण्याआधी एवढंच बघावं: कधी अडतं आणि कधी अडत नाही? या दोन्हींत फरक काय? बाबा लोक हा प्रश्न कधीच विचारू देत नाहीत. म्हणून तो आपण विचारायचा, तोही मोठ्याने.