जसिंताचा खुलासा

प्रत्येक ऑफिसात एक तरी अवधूत असतो. परळच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीतला अवधूत होता शेहेचाळीस वर्षांचा, काळाचौकीचा, मंडळाचा जुना कार्यकर्ता. कुणाच्या चहात मीठ टाक, कुणाची चप्पल कपाटावर लपव, हे त्याचे धंदे. लोक शिव्या घालायचे आणि हसायचे. पण एका सोमवारची मस्करी त्याच्या गळ्याशी आली.

त्याच्या बाजूच्या टेबलावर जसिंता बसते, खोताच्या वाडीतली. बंद लिफ्टच्या तक्रारी फोनवर घेणं हे तिचं काम. नवरा वॉल्टर दोन वर्षांपूर्वी गेला, मुलगा ट्रेव्हर अजून कॉलेजात. घर तिच्या पगारावर चालतं.

त्या सोमवारी दुपारी डबा खाताना ऑफिसातल्याच मृणालिनीला घास उतरत नव्हता. तिच्या नवऱ्याच्या, शंतनूच्या बायोप्सीचा रिपोर्ट यायचा होता. वॉल्टरच्या वेळी तू उभी कशी राहिलीस गं, असं तिने जसिंताला विचारलं. जसिंता म्हणाली, एकटी कुठे होते, येशूशी बोलायचे. कधी कधी भांडायचे पण. मग तिने सांगितलं की येशू स्वतःच्या मित्राच्या मरणावर रडला होता, आणि रडणारा देव तिला आपला वाटला. शंतनूसाठी प्रार्थना केली तर चालेल का, हेही तिने विचारून घेतलं. मृणालिनी म्हणाली, कर गं बाई.

अवधूतचे कान तिकडेच. डोक्यात किडा वळवळला. कंपनीच्या लेटरहेडवर त्याने मेमो टाइप केला: ऑफिसात धर्मप्रचार केल्याची तक्रार आली आहे, दोन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. खाली मॅनेजर रघुवीर साहेबांच्या सहीसारखा एक फराटा. कागद जसिंताच्या टेबलावर सरकवला. ती घाबरली की टाळी मागायची, एवढाच प्लॅन.

तेवढ्यात भायखळ्याला लिफ्टमध्ये माणसं अडकल्याचा फोन आला आणि अवधूत मेकॅनिकना घेऊन पळाला. मंगळवार तिथेच गेला. मेमो डोक्यातून साफ उडाला.

बुधवारी सकाळी आला तर ऑफिस गप्प. जसिंता फोन घेत होती, पण मान खाली. आपण विचारलं म्हणून हे झालं, या विचाराने रडून मृणालिनीचे डोळे सुजलेले. हेडक्लार्क तात्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की जसिंताला मेमो आलाय आणि तिचा खुलासा साहेबांच्या टेबलावर ठेवलाय. साहेब अकराला येतील, वाचतील. तात्यांनी तो आधी वाचला होता. भाषा बघा, म्हणून तिनेच दिला होता.

"काय लिहिलंय?" अवधूतने विचारलं.

"लिहिलंय, मी बोलले. विचारलं म्हणून बोलले. माझ्या येशूबद्दल बोलणं हा गुन्हा असेल तर नोकरी सोडते, पण बोललेच नाही असं खोटं लिहिणार नाही."

घड्याळात पावणेअकरा. अवधूतने तिथेच सगळं ओकून टाकलं. तात्यांनी त्याला चांगलाच झापला.

"पण तात्या, ही लोकं अशीच गोड बोलून..." तो पुटपुटला.

"गोड बोलून काय केलं तिने? आमिष दिलं? धमकी दिली? गणपतीत तू तुझ्या नवसाच्या गोष्टी अख्ख्या ऑफिसला ऐकवतोस. जसिंतापण ऐकते. तुला कुणी मेमो दिला का रे? तू बोललास की गप्पा आणि ती बोलली की प्रचार?"

अवधूत केबिनकडे वळला. काचेतून जसिंताच्या खुलाशाचं पाकीट दिसत होतं. उचलून फाडतो, विषय खल्लास, तो म्हणाला.

"फाड ना. तुझी नोकरी वाचेल. ती मात्र यापुढे तोंड शिवून बसेल, कारण मेमो खोटा होता हे तिला कधीच कळणार नाही. चालेल तुला?"

साहेब दहा मिनिटं आधीच आले. अवधूत त्यांच्या मागोमाग केबिनमध्ये शिरला आणि त्यांनी पाकिटाला हात लावायच्या आत बोलला. खोटी सही म्हटल्यावर साहेबांचा चेहरा दगडासारखा झाला. तुझं काय करायचं ते मी बघतो, ते म्हणाले, आधी बाहेर जाऊन सगळ्यांसमोर सांग.

त्याने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मस्करीवर कुणीच हसलं नाही.

जसिंता उठून उभी राहिली. "दोन दिवस मी विचार करतेय, ट्रेव्हरला काय सांगू? आई देवाचं नाव घेऊन बेकार झाली म्हणून?"

"चुकलो गं."

"राग आहे मला तुझा. लगेच जाणार नाही. पण माफ करीन, अवधूत. मी रोज येशूकडे माफी मागते, मग तुला नाही कशी म्हणू?"

आता सगळ्यांसमोर खरा धर्मप्रचार झाला बघा! पण मेमो काढायची कुणाची छाती झाली नाही. अवधूत महिनाभर बिनपगारी घरी बसला, आणि तेही कमीच होतं असं तो स्वतःच सांगतो.

तर मंडळी, आपापल्या देवाबद्दल बोलायचा हक्क आपल्याला जेवढा, तेवढाच शेजारच्या टेबलावरच्याला. कुणी विचारलं तर त्याने मनापासून सांगावं. आपल्याला ऐकायचं नसेल तर सरळ नको म्हणावं, तो थांबेल. पण ज्या गप्पांनी एका घाबरलेल्या बाईला धीर आला, त्यांच्यावर संशयाचा शिक्का मारू नये. मस्करीतसुद्धा नाही.