हात टेकला की

"आता तुम्हीच सांगा, काय बिघडलंय ह्याचं?" दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

स्क्रीन लख्ख होती. त्याने झाकण मागेपुढे करून पाहिलं, कडेला टिचकी मारली, मग उभ्याउभ्याच दोन्ही हातांनी भराभर कीबोर्ड बडवला. काही झालं नाही. घरी तिचा जीव नकोसा करणारं ते यंत्र इथे पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखं शहाण्यासारखं वागत होतं.

"घरी करतो हो," ती म्हणाली. "मी खोटं कशाला बोलू?"

खोटं बोलता असं म्हटलं नाही मी, असं तो म्हणाला, पण त्यामागचा सूर तिला कळला. तिची ही तिसरी खेप होती. पहिल्या वेळी त्याने बिजागरीतून जाणाऱ्या वायरवर संशय घेतला होता. झाकण उघडून-मिटून ती झिजते आणि चित्र फडफडायला लागतं, हे सगळ्यात नेहमीचं दुखणं. त्याने वायर बदलली. दुसऱ्या वेळी सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, दुसरा मॉनिटर जोडून पाहिला आणि दुपारभर लॅपटॉप चालू ठेवला. एकदाही काही झालं नाही. ती तेवढा वेळ स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसून होती. आणि आता तो तिच्याकडे, सगळे रिपोर्ट चांगले आलेल्या रुग्णाकडे डॉक्टर बघतात, तसा बघू लागला होता. ती नजर तिला चांगली ठाऊक होती, कारण अशा नजरेने पाहून झाल्यावर डॉक्टर जी वाक्यं बोलतात ती टाइप करण्यातच तिचा जन्म गेला होता.

एका मोठ्या इस्पितळात ती टायपिस्ट होती. डॉक्टर रुग्ण तपासून झाल्यावर त्याची हकिगत रेकॉर्ड करत आणि ती कानात इअरफोन घालून ऐकत ऐकत टाइप करी. पायाखाली पेडल असे. दाबलं की आवाज पुढे चाले, सोडलं की थांबे. पूर्वी त्यांची दुसऱ्या मजल्यावर खोली होती, चार जणी होत्या. कोणा डॉक्टरची जीभ घसरली की ऐकणारी आपला एक इअरफोन शेजारणीच्या कानात खुपसायची आणि दोघी तोंडावर पदर घेऊन हसायच्या. मग वरच्यांच्या लक्षात आलं की हे काम घरूनही होतं. खोली बंद झाली. दोघी सोडून गेल्या, एक मुलीकडे राहायला गेली, आणि हिच्या घरी दादाने टाकून दिलेला लॅपटॉप असल्यामुळे ही टिकली.

घरी आई होती तोवर काही वाटलं नाही. आई खाटेवरून विचारायची, आज कोणाला काय झालं गं? सांगायचं नसतं, आई, असं म्हणून ती थोडंसं सांगायचीच. आई गेली आणि घरात बोलणारे फक्त डॉक्टर उरले. ते तिच्या कानात सकाळपासून बोलत, पण तिच्याशी बोलत नसत. एक जण शब्द गिळायचा. एक बाई अशा घाईने बोलायच्या की त्यांची बस सुटतेय असं वाटावं. त्यातले एक म्हातारे डॉक्टर मात्र घसा खाकरून सुरुवात करायचे आणि शेवटी न चुकता म्हणायचे, "बस, एवढंच. धन्यवाद बाई." टाइप करणारी बाई कोण, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. तरी ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणायची, "असू दे, असू दे." काही दिवस असे जात की संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडून बाहेर पडलेले तेवढेच शब्द असत. ती हे कोणाला सांगत नसे. सांगणार कोणाला, हाही प्रश्नच होता.

आणि नेमकं तेव्हापासून लॅपटॉपने छळ मांडला. टाइप करताना स्क्रीन लुकलुकायची आणि ती ऐकायला थांबली, हात जरा खाली टेकला, की काळीच व्हायची. पुन्हा टाइप करायला हात उचलावा तर हजर. यंत्राला जणू तिची विश्रांती बघवत नव्हती. तिने पंखा बंद ठेवून पाहिला. शेजारच्यांचा मिक्सर चालू झाला की काम थांबवून पाहिलं. टेबल खिडकीपासून हलवलं. दादाला फोन केला तर तो म्हणाला, बंद करून चालू कर. दादाचं असंच. आई गेल्यावर तो म्हणाला होता, चार दिवस आमच्याकडे ये, बरं वाटेल. तेही त्याने ह्याच सुरात सांगितलं होतं. गेली होती ती, आणि वहिनीने पाहुण्यांच्या चादरी काढलेल्या बघून परत आली होती.

कामं मागे पडू लागली. काल तिच्या वरच्या मॅडमचा फोन आला. मॅडम वयाने लहान, बोलायला गोड. त्या म्हणाल्या की ताई, तुमच्या फायली उशिरा येताहेत, उद्या संध्याकाळपर्यंत मशीन नीट झालं नाही तर मोठ्या डॉक्टरांचं काम आपण बाहेरच्या कंपनीकडे देऊ, तिथे आता कॉम्प्युटरच ऐकून टाइप करतो. तुम्हालाही जरा आराम मिळेल. माणसाला कामावरून काढताना त्याच्या आरामाची काळजी वाहायची ही पद्धत कोणी काढली कोण जाणे. मोठे डॉक्टर म्हणजे ते घसा खाकरणारेच. त्यांचा आवाज जाईल, एवढंच तिच्या डोक्यात बसलं आणि तिला रात्री धड झोप लागली नाही.

हे सगळं तिने दुरुस्तीवाल्याला सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत झालंच पाहिजे, एवढंच सांगितलं.

तो साधारण तिच्याच वयाचा असेल. चावीवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात बसायचा. बारीक स्क्रू ओठांत धरून बोलायची सवय, त्यामुळे त्याची निम्मी वाक्यं अंदाजाने समजून घ्यावी लागत. शब्द गिळणाऱ्या डॉक्टरमुळे तिला ते जड गेलं नव्हतं. त्याने थोडा वेळ डोकं खाजवलं, मग उठून आपली खुर्ची तिच्यासमोर ढकलली.

"बसा. घरी बसता तशाच बसा आणि घरी करता तेच करा. मी बघतो."

ती अवघडून बसली. पर्समधून इअरफोन काढले, एक जुनी फाइल लावली. पेडल घरी होतं, तरी तिचा पाय टेबलाखाली ते शोधत राहिला. ती टाइप करू लागली. दोन ओळी झाल्या. स्क्रीन एकदा लुकलुकली. तो वाकला. डॉक्टर औषधाचं नाव पुटपुटले, ते नीट ऐकायला ती थांबली आणि दुखऱ्या मनगटाला टेकू म्हणून तिने उजवा हात लॅपटॉपच्या कडेवर ठेवला.

स्क्रीन काळी झाली.

"हलू नका," तो म्हणाला. ओठांतला स्क्रू त्याने हातात घेतला होता, त्यामुळे पहिल्यांदाच त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. "हात उचला."

उजेड आला.

"ठेवा."

गेला. त्याने तिला पुन्हा उचलायला लावलं, पुन्हा ठेवायला लावलं, आणि मग तो हसायला लागला. इतके दिवस आपण वायरी बदलतोय आणि चोर समोर बसलाय, असं काहीसं तो म्हणाला. त्याने तिच्या मनगटाकडे बोट केलं.

"ते कडं चुंबकाचं आहे ना? सांधेदुखीवर घालतात ते?"

तिने मान हलवली. तो उत्साहाने समजावू लागला. झाकणात एक छोटं चुंबक असतं आणि इथे, बरोबर ह्या कोपऱ्यात, त्याची चाहूल घेणारा एक बारका भाग असतो. चुंबक जवळ आलं की लॅपटॉपला वाटतं, झाकण मिटलं, आता झोपायचं. तुमचा हात टेकला की त्याला तुमचं कडं म्हणजेच झाकण वाटतं. मी टाइप करायचो तेव्हा कडं नव्हतं, म्हणून इथे कधी काही झालंच नाही. लॅपटॉपला काहीही झालेलं नाही. कोडं सुटल्याचा त्याला मनापासून आनंद झाला होता.

"काढून पर्समध्ये टाका. झालं काम."

तिने डावा हात त्या कड्यावर ठेवला.

तिने विचारलं, डाव्या हातात घातलं तर? तो म्हणाला, हे चांगलंच जोरदार चुंबक आहे, टाइप करताना हात इकडे येणारच. झाकणाचं सेटिंग बदललं तरी ह्या जुन्या मशीनची स्क्रीन विझतेच. वेगळा कीबोर्ड जोडता आला असता, पण जोडायच्या दोन जागांपैकी एक दादाच्याच काळात मोडलेली आणि उरलेलीत पेडल. तो कोपऱ्यातला भाग काढता येईल, पण त्याला आतला बोर्ड उघडावा लागेल आणि मशीन आठवडाभर ठेवून जावं लागेल. एवढं सांगून झाल्यावर त्याला काहीतरी जाणवलं असावं, कारण त्याचा आवाज खाली आला.

"कोणी दिलेलं आहे का?"

"आईचं आहे," ती म्हणाली.

कडं दादाने आईला कुठल्याशा प्रदर्शनातून आणून दिलं होतं. आईचे गुडघे दुखायचे काही त्याने थांबले नाहीत, पण मुलाने आणलंय म्हणून तिने ते हातातून कधी काढलं नाही. शेवटच्या आजारात तिला एमआरआयला नेताना नर्स म्हणाली, अंगावरचं धातूचं सगळं काढा. तेव्हा आईने ते काढलं आणि टेबलावर न ठेवता हिच्या उजव्या हातात सरकवलं. म्हणाली, "तुझं मनगट दुखतं ना? झोपेत उशीखाली दाबून ठेवतेस, मला दिसतं." तोवर हिने मनगटाबद्दल कोणाला अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. आई त्या इस्पितळातून परत आली नाही आणि कडं हातातच राहिलं. आंघोळीलाही ते निघत नसे. चुंबकाने मनगट बरं होत नाही, हे तिला कळत होतं. एमआरआयपूर्वी धातूच्या वस्तू काढाव्यात, ही सूचनाही तिने आजवर शेकड्यांनी टाइप केली होती. पण आपल्या हातातली वस्तू चुंबक आहे हे तिच्या कधी मनातच आलं नाही. तिच्या लेखी ते आईने बघितलेलं दुखणं होतं. त्यानंतर ते कोणी बघितलं नव्हतं.

तिने घड्याळाकडे पाहिलं आणि कडं फिरवायला सुरुवात केली. ते अंगठ्याच्या हाडापाशी अडलं. दुरुस्तीवाल्याने उगाचच बॅटरी पेटवून दुसऱ्या कुठल्यातरी उघड्या यंत्रात डोकं घातलं आणि ते निघेपर्यंत वर काढलं नाही.

कडं निघालं. खाली पांढुरका पट्टा होता, बाकीच्या हाताहून मऊ. तिने कडं टेबलावर ठेवलं, तर तिथले बारीक बारीक स्क्रू सरकत येऊन त्याला चिकटले. तो लगबगीने आला. एकेक स्क्रू चिमटीने सोडवला, चष्म्याच्या फडक्याने कडं पुसलं आणि तिच्या हातात दिलं. ते तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली.

"आता टाइप करा काहीतरी," तो म्हणाला. "फाइल नको. मनाने काहीही करा. मध्ये थांबा, हात टेका, मला खात्री करून घेऊ दे."

तिने कोऱ्या स्क्रीनकडे पाहिलं. मनाने काय टाइप करायचं असतं हे तिला सुचेना. इतकी वर्षं दुसऱ्यांचंच लिहिलेलं. पण तो वाट बघत होता आणि बोटं कीबोर्डवर होती, तेव्हा बोटांना जे येत होतं ते त्यांनी सुरू केलं. उजवा हात हलका झाल्यामुळे दोनतीन अक्षरं चुकली, ती तिने दुरुस्त केली.

रुग्ण स्त्री. वय चोपन्न. उजवे मनगट दुखते, बऱ्याच वर्षांपासून. झोप कमी. भूक बरी. पूर्ण शुद्धीवर आहे, विचारलेल्या प्रश्नांची नीट उत्तरे देते. सोबत नातेवाईक: कोणी नाही.

ती थांबली आणि तिने दोन्ही हात कडेवर टेकले.

दुरुस्तीवाला इतका वेळ फक्त उजेडाकडे बघत होता. आता त्याने वाचलं. स्क्रू ओठांत ठेवायला वर नेलेला हात त्याने खाली घेतला. मग तो म्हणाला, "आता नाही जाणार."

तिने हात उचलले नाहीत. नेहमी ह्या वेळेला स्क्रीन काळी झाली असती आणि ते बरंही झालं असतं. पण लॅपटॉप आता नीट झाला होता, आणि ती शेवटची ओळ दोघांच्या समोर लख्ख दिसत राहिली.