रस्त्यावर न येणारी गाडी

देयोनं, तिच्या मुलानं, पसंत केलेली गाडी एलुनेडला मनातून नको होती, पण चेहऱ्यावर तिनं तसं काही दिसू दिलं नाही. उलट गाडी विकणाऱ्या एका विधवा बाईकडे ती स्वतः मुलाबरोबर गेली, छोट्या निळ्या गाडीचे दरवाजे उघडून-मिटून पाहिले, बाईनं पुढे केलेला मनुकांचा केक खाल्ला आणि गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली. वीस वर्षांच्या पोराच्या नावावर विमा परवडतो कुणाला! देयोला वाटत होतं की बाईनं भरलेला रस्त्याचा कर वर्षअखेरपर्यंत चालेल आणि आपण गाडी हाकतच घरी जाऊ. पहिली गाडी घेणारे निम्मेअधिक लोक हीच चूक करतात. गाडी विकली की कर विकणाऱ्याबरोबर संपतो आणि घेणाऱ्याच्या पदरात नुसती गाडी पडते, हे एलुनेडला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं आधीच ट्रक सांगून ठेवला होता. नान्तगॅरेगला, त्यांच्या गावी, गाडी आली ती ट्रकच्या पाठीवर बसून, आणि देयो आला ट्रकवाल्याशेजारी तोंड पाडून.

त्याच संध्याकाळी चहा पिता पिता तिनं सरकारला कळवून टाकलं की ही गाडी रस्त्यावर येणार नाही, आमच्या आवारातच उभी राहील. एवढं कळवलं की कर माफ. अट एकच, गाडीचं एक चाकही रस्त्याला लागता कामा नये.

"गिअरचा एक भाग मागवायचाय म्हणे," ती देयोला म्हणाली. "तोवर उगाच कर कशाला भरायचा? थंडी सरल्यावर बघू."

"थंडी अजून सुरू तरी झालीय का, आई?"

गिअर ठणठणीत होता. कर वाचला हे बरंच झालं, पण तेवढ्यासाठी तिनं हे केलंच नव्हतं. तिचा नवरा हिवेल पावाची गाडी घेऊन घाटात गेला होता आणि तळ्यावरच्या वळणावरून परत आला नव्हता. दर मार्चमध्ये ती तिथल्या लोखंडी कठड्याला डॅफोडिलच्या पिवळ्या फुलांची जुडी निळ्या लोकरीनं बांधून येई, आणि बाकीचं वर्षभर त्या रस्त्याचं नाव काढत नसे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. एलुनेड तर ताकाचं भांडंच कुलपात घालायला निघाली होती. देयो हॉटेलातल्या कामावर बसनं जायचा, बसनं यायचा आणि जिवंत यायचा. तिला जगाकडून एवढंच हवं होतं.

गॅरेज हिवेलच्या सामानानं भरलेलं असल्यामुळे गाडी अंगणातच उभी राहिली, शेपूट गॅरेजच्या दाराकडे आणि नाक रस्त्याकडे करून. फाटकातून आत आलं की आधी लव्हेंडरचं झुडूप, मग गटाराचं लोखंडी झाकण, मग गाडी. मागच्या चाकाजवळच्या फरशीवर त्यांच्या जुन्या कुत्र्यानं पिल्लू असताना ओल्या सिमेंटमध्ये पंजा उमटवून ठेवला होता. कुत्रा गेला, हिवेल गेला, पंजा राहिला. गाडीच्या किल्ल्या एलुनेडनं पिठाच्या डब्यात पुरून ठेवल्या.

समोरच्या घरात राहणारा तेग्विन पॅरी जन्मभर बस चालवून निवृत्त झाला होता आणि आता इतरांच्या गाड्यांवर नजर ठेवून होता. एका सकाळी तो कुंपणावरून ओरडला, "अगं एलुनेड, तुझी गाडी फाटकातून बाहेर डोकवायला लागली की! कुणाची वाट बघतेय?"

तिनं पाहिलं. गाडीचं नाक खरंच फाटकाला टेकायला आलं होतं. अंगणाला थोडा उतार होता. हँडब्रेक ढिला असेल, असं म्हणून तिनं तो करकचून ओढला आणि चाकांपुढे विटा लावल्या.

"जप हं," तेग्विन म्हणाला. "फुटपाथवर आली तर जॅमर ठोकतील चाकाला. आणि ऐक, माझ्या कुंपणाबाहेर हातभर रुंद गवत उगवलंय. चाळीस वर्षांत तिथे डांबराशिवाय काही बघितलं नव्हतं मी. म्हातारपणी जहागिरी मिळाली म्हणायची!"

ती हसली आणि विसरून गेली.

पुढच्या आठवड्यात बंपर फाटकाच्या बाहेर होता. विटा होत्या तिथेच चाकांना टेकून होत्या. तिनं पिठाचा डबा चाचपला. किल्ल्याही जागच्या जागी होत्या. तरी देयो उठून खाली आला तेव्हा तिला राहवलं नाही.

"तू गाडी हलवलीस?"

"कशानं? फुंकर मारून?" देयोनं भाकरीसारखा कडक झालेला टोस्ट बशीत टाकला. "किल्ल्या तूच दडवल्यास. गिअरचा भागबिग काही यायचा नाहीये, माहितीय मला. मी दुकानात विचारलं."

एलुनेडचा चेहरा उतरला.

"मला ती गाडी नुसती बघायला घेतलीस का गं?" तो हळू आवाजात म्हणाला. "बाबा गेले म्हणून मी जन्मभर बसच्या खिडकीत बसायचं?"

"हो," ती म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा खरं बोलत होती. "बसच्या खिडकीत बस, माझ्यावर राग धर, काय वाटेल ते कर. पण मला पुन्हा पोलिसाला दार उघडायचं नाहीये, देयो."

त्यानं कोट उचलला आणि बस गाठायला निघून गेला. तिला रडायला सवड नव्हती. फुटपाथवर आलेलं नाक आधी आत घ्यायला हवं होतं.

गाडी मागे ढकलावी म्हणून ती मागच्या बाजूला जागा पाहायला गेली आणि थबकली. मागचं चाक कुत्र्याच्या पंजाला खेटून उभं होतं. पहिल्या दिवशी होतं तसंच. गॅरेजच्या दारात आणि गाडीच्या शेपटीत तेवढीच जागा होती. तिथे ठेवलेली पाण्याची झारीही ना चेपली होती, ना सरकली होती. गाडी तसूभरही हललेली नव्हती.

मग ती पुढे आली. तिथे लव्हेंडर नव्हतं. ते उपटल्याचा खड्डा नव्हता, माती विस्कटलेली नव्हती. गटाराचं झाकणही नव्हतं. गाडीच्या नाकाखाली सरळ फुटपाथचा दगड होता आणि त्याला लागून काळाभोर रस्ता. तिनं मान वर केली. रस्त्यापलीकडे तेग्विनच्या कुंपणाबाहेर ताज्या गवताचा पट्टा होता आणि आता त्यावर एक माणूस आडवा झोपला असता इतका तो रुंद झाला होता.

एलुनेड तिथेच विटांवर बसली. तिनं सरकारला लिहून दिलं होतं की गाडी रस्त्यावर येणार नाही. गाडीनं शब्द पाळला होता. सरकत होता तो रस्ता.

त्या दुपारी तिनं गॅरेज रिकामं केलं. पाव ठेवायचे हिवेलचे लाकडी ट्रे, त्याचे बूट, मासेमारीचा गळ, ज्याला तिनं इतकी वर्षं हात लावला नव्हता ते सगळं तेग्विनच्या मदतीनं परसात नेऊन ठेवलं. "आज काय संचारलंय तुझ्यात?" तेग्विन धापा टाकत म्हणाला, पण तिनं उत्तर दिलं नाही. देयो कामावरून आला तेव्हा तिघांनी मिळून गाडी गॅरेजमध्ये ढकलली. तिनं कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

जेवताना तिनं देयोच्या बशीत मटणाचा मोठा तुकडा वाढला.

"वसंतात कर भरू," ती म्हणाली. "खरंच भरू. मग चालव तू. पण घाटात नाही."

"घाटात नाही," तो हसून म्हणाला. "आई, झोप आता तू. डोळे बघ कसे झालेत."

ती खरंच झोपली, बऱ्याच दिवसांनी गाढ.

सकाळी जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि घर नेहमीपेक्षा गार होतं, कुठलं तरी दार उघडं राहिल्यासारखं. ती खाली आली. पुढचं दार बंद होतं. उघडलं तर उंबऱ्याला लागून फुटपाथचा दगड. अंगण नव्हतं, फाटक नव्हतं. बाजूला गॅरेजचं कुलूप शाबूत होतं. रस्ता गाडीसाठी येत नव्हता, हे तिला तेव्हा कळलं.

ती वळली. कोटांच्या खुंटीखाली, गालिचा असायचा तिथे, बारीक खडीचं डांबर पसरलं होतं. त्यावरून एक पांढरा पट्टा जिन्याकडे गेला होता, मग थोडी जागा सोडून दुसरा, मग पायरीवर तिसरा. मघाशी ती त्यांच्यावरूनच खाली आली होती. ती अनवाणीच वर धावली. देयोला हाका मारत होती. पांढरे पट्टे देयोच्या दाराखालून आत गेले होते.

तिनं दार ढकललं. देयो झोपला होता. श्वास संथ चालला होता, एक हात उशीखाली होता. पलंग मात्र रात्रीत फिरला होता आणि पट्ट्यांच्या डाव्या बाजूला, नियमानं गाडी असावी तसा, सरळ उभा होता. त्याच्यापुढे पट्टे कपाटापर्यंत जाऊन एकदम उजवीकडे वळत होते, तळ्यावरच्या रस्त्यासारखे. कपाटाच्या मुठीला, निळ्या लोकरीनं बांधलेली, वाळलेल्या डॅफोडिलची जुडी लोंबत होती.