चंद्र कुठला धरायचा?

"अहो, हे टेबल बघा कसं एका बाजूला कललंय. चौदा तास हे असलं पोटाशी घेऊन बसायचं?"

"तुझा तर उपास आहे. मग बंद करून ठेव ना."

"उपास माझा आहे. टेबलाचा नाही."

मित्रांनो, ही कुरकुर माझ्याबद्दलच चालली होती. मी एक जुनं टेबल आहे. विमानात पुढच्या खुर्चीच्या पाठीला दुमडून ठेवतात ना, ते. आज मी शारजातल्या एका भंगार गोदामात पडून आहे, पण तेव्हा दुबईहून लांबलांबच्या देशांना जात असे.

माझा जन्म एका थंड गावातल्या कारखान्यात झाला. तिथल्या बाईंनी मला शंभरदा उघडलं, शंभरदा मिटलं आणि पाठीवर 'पास'चा कागद चिकटवला. त्या कागदाचा मला फार अभिमान होता. पुढे कुणीतरी कंटाळा घालवायला तो नखानं खरवडून काढला. माझ्यावर मुलांनी चित्रं रंगवली, बाळांचे केक कापले गेले. एका आजोबांनी तर उतरताना मला नमस्कार केला. मग एक दांडगा प्रवासी आला, माझ्यावर पाय ठेवून झोपला, आणि माझी उजवी बिजागरी ढिली झाली ती कायमची. मित्रांनो, जिथं जेवायचं तिथं पाय ठेवू नयेत, एवढंच माझं मागणं. मी प्लास्टिकचं आहे म्हणून काय झालं?

तर ती कुरकुर करणाऱ्या बाई म्हणजे सविता. शेजारी त्यांचे यजमान जगन्नाथ, दुबई मरीनात इमारती बांधणाऱ्या कंपनीतले इंजिनिअर. खिडकीशी बारा वर्षांची इशिता. दोन हजार नऊ साल नुकतंच लागलं होतं. मंदीमुळे मरीनात क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या, आणि माझ्यावर कोपर टेकून बसणारी माणसं हल्ली हळू आवाजात बोलत.

हे तिघं टोरंटोला सविताच्या भावाकडे निघाले होते. "महिनाभर फिरायला," असं सगळ्यांना सांगितलेलं.

"बाबा, माय सायकल इज सेफ, नो? बाल्कनीतच आहे ना?" इशितानं विचारलं.

"इन्शाल्ला. कोण नेतंय?" जगन्नाथ म्हणाले, आणि आपला पासपोर्ट माझ्यावर ठेवून पाण्याची बाटली शोधू लागले.

मी कललेलं. पासपोर्ट घसरला आणि उघडला. आत दुबईच्या व्हिसावर 'रद्द'चा शिक्का होता. सवितानं तो पाहिला. पासपोर्ट मिटला, पर्समध्ये टाकला, आणि म्हणाली, "तुमचं पाणी त्या खिशात आहे."

त्या दिवशी संकष्टी होती. नोव्हेंबरात जगन्नाथांच्या कंपनीतून माणसं काढायला लागले, तेव्हा सवितानं ह्यांची नोकरी टिकावी म्हणून संकष्टी धरली. चंद्र उगवल्यावरच जेवायचं. दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी सोपं होतं. बाल्कनीत जायचं, समोरच्या इमारतीवर चंद्र दिसला की पानं घ्यायची.

आम्ही सकाळी दहाला उडालो. त्या विमानात रुकय्या नावाची हैदराबादची हवाई सुंदरी होती. तिच्यासारखी सेवा मी क्वचित पाहिली. न मागता उशी, न मागता गरम पाणी. सविताचं जेवण तिनं दोनदा परत नेलं, पण तोंड वाकडं केलं नाही.

"आंटी, रोज़े में तो हम खिडकी से सूरज देख के खोलते हैं. मैं कॅप्टन को चाँद का पूछती."

ती गेली आणि हिरमुसून आली. "आंटी, चाँद टोरंटो में निकलेगा. वहाँ की रात को."

बाहेर टळटळीत ऊन होतं. विमान सूर्याबरोबर पश्चिमेला चाललेलं, त्यामुळे दुपार काही हलेना. मात्र सवितानं मनगटावरचं घड्याळ दुबईचंच ठेवलं होतं. त्यात रात्रीचे नऊ वीस झाले. मधुमेहाची गोळी तिनं सकाळी घेतली होती, आणि पोटात सकाळपासून एक केळं. तिचा हात माझ्यावर होता. तो थरथरत होता, आणि माझी ढिली बिजागरी त्याच्याबरोबर खडखडत होती.

"आई, यू आर शेकिंग," इशिता म्हणाली. तिनं कानातले हेडफोन काढले.

रुकय्या धावली. साखर घातलेला ज्यूस आणि जपून गरम ठेवलेलं जेवण तिनं माझ्यावर मांडलं. "आंटी, प्लीज़. अल्ला समझता है, आपके गणपती भी समझेंगे."

"सविता, दुबईत चंद्र उगवला असेल आत्ता," जगन्नाथ घाईनं म्हणाले. "तो धर आणि जेव. टोरंटोचा धरलास तर अजून नऊ तास!"

"दुबईचा का धरायचा?"

"का म्हणजे? घर जिथं, तिथला चंद्र."

सवितानं ज्यूसचा ग्लास हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"मग एकदा तोंडानं सांगा. घर तिथं आहे ना आपलं? ज्या नोकरीसाठी हा उपास धरला, ती आहे ना? हो म्हणा. लगेच जेवते."

मित्रांनो, एका 'हो'चं काम होतं. ग्लासातला ज्यूस हिंदकळून माझ्यावर सांडत होता. जगन्नाथांनी सविताच्या हाताकडे पाहिलं, मग इशिताकडे. ती एकटक त्यांच्याच तोंडाकडे बघत होती. रुकय्या ट्रॉलीचा दांडा धरून तशीच उभी राहिली.

"इशू, तुझी सायकल मी खालच्या वॉचमनला दिली," जगन्नाथ म्हणाले. "घराची किल्ली पण दिली. नोकरी डिसेंबरातच गेली, सविता. आपण परत जाणार नाही. आता तरी पी."